मोजणाऱ्याला धरत नाहीत

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दुसरं दार कुठं हाय?"

मी म्हटलं, "कसलं दुसरं दार काका? वन बीएचके आहे. एकच दार."

"मग आग लागली तर?"

नवीन जागेच्या पूजेच्या दिवशी, हातात प्रसादाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला कुणी असं विचारू नये. सासूबाई तर तिथल्या तिथे देवाचं नाव घेऊ लागल्या. हे गृहस्थ मात्र शांतपणे गॅलरीत गेले, खाली वाकून पाहिलं, ग्रिल दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "हिला एक झडप करून घ्या. आन् झडपेपुढं कुंड्या नका ठेवू." मग प्रसाद खाल्ला, खोलीतल्या माणसांवरून एकदा बोट फिरवलं, "सतरा" असं स्वतःशीच पुटपुटले आणि निघून गेले. झडप आम्ही करून घेतली. कुंड्याही ठेवल्याच.

मोहोपाड्यात आमच्या गल्लीत त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका. त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर होतं आणि कंपनीच्या मस्टरवर होतं. शेत कंपनीत गेलं आणि पुढे कंपनी बंद पडली, तेव्हा ते नाव घ्यायला कुणाला कारणच उरलं नाही. ते गेले त्याला आता दीड वर्ष झालं. बदलापूरला मुलीकडे वारले. आमच्या गल्लीतून अंत्ययात्रेला दोघेजण गेले होते, हे मी दुसऱ्या दिवशी चौकशी करून मोजलं. सवय त्यांची, लागली मला.

ज्यांच्या भाताच्या जमिनी कारखान्यात गेल्या त्या प्रत्येक घरातल्या एकाला कंपनीने नोकरी दिली होती. यांना दिली आग आणि सुरक्षा खात्यात. काम म्हटलं तर साधं होतं. सायरन वाजला की कामगारांनी हातातलं टाकून एका ठरलेल्या मोकळ्या जागेवर येऊन उभं राहायचं. त्या जागेला असेंब्ली पॉइंट म्हणतात. आमच्या या रसायनी पट्ट्यात लहान पोरालासुद्धा हा शब्द 'आई-बाबा'नंतर लगेच येतो. आणि सगळे तिथे जमले की यांनी रजिस्टर उघडून माणसं मोजायची. तीस वर्षं या माणसाने पगार घेतला तो माणसं मोजण्याचा. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. उलट ते म्हणायचे, "मोजलेला मानूस हरवत नाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, ते मात्र मोजलेलं नाही.

ही मोजणी नोकरीपुरती राहिली नाही हीच तर गंमत. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी ते मोजत आणि उठताना पुन्हा मोजत. गणपतीच्या आरतीला कापूर पेटला की यांचं बोट सुरू. पाताळगंगेच्या काठी कुणाला पोचवायला गेले तर जाताना किती आणि परतताना किती हे बघत. एकदा परतताना एक कमी भरला, तेव्हा सगळ्यांना पुलावर थांबवून ठेवलं. तो एक जण बाजूच्या टपरीवर भजी खात होता. गेलेल्याचा चुलतभाऊच होता. त्यानंतर त्या घराने काकांशी वर्षभर बोलणं टाकलं. काका म्हणाले, "भजी खाऊ दे की. सांगून खायाची."

बाहेर पडताना ते चिमूटभर माती उचलत आणि हवेत सोडत. वारा कुठून आहे ते पाहायला. वायू सुटला तर वाऱ्याच्या पुढे पळायचं नाही आणि वाऱ्याच्या तोंडावरही जायचं नाही, आडवं जायचं, असा नियम आहे म्हणे. म्हणून मग दूध आणायलासुद्धा हा माणूस सरळ रस्त्याने न जाता कधी देवळाला वळसा घालून जाई, कधी दवाखान्याच्या मागून. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक ओला रुमाल कायम. उन्हाळ्यात मला तो रुमाल मागून कपाळाला लावावासा वाटायचा, पण तो घामाचा नव्हे, कामाचा होता.

एवढं कशापायी, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी एक हकिकत सांगितली. कंपनीत एकदा थोडी गळती झाली. सायरन वाजला, माणसं जमली. रजिस्टरला बेचाळीस, समोर एक्केचाळीस. साहेब म्हणाले, असेल कँटीनमध्ये, बंद कर ते रजिस्टर. हे काही बंद करेनात. वाद झाला, मेमो देण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी शोधायला माणसं गेली, तर बेचाळिसावा पंपहाउसच्या मागे कानात कापूस घालून गाढ झोपलेला. त्याला उठवून आणला तेव्हा अख्खा प्लांट खो खो हसला. पुढे कितीतरी दिवस काका दिसले की लोक घोरायचा आवाज काढत.

"झोपला व्हता म्हनून हसले," काका म्हणाले. "झोपलेलाच राह्यला असता तर?"

मी हसायच्या बेतात होते. 

घरी ते एकटेच. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बदलापूरला गेली ती तिकडेच रमली. भांडण नव्हतं. नातवंडं होती, लिफ्ट होती, सोबत होती. जनगणना की मतदारयादी, कसल्याशा कामासाठी आमच्या शाळेने मला घरोघरी पाठवलं होतं. मी तेव्हा शाळेच्या ऑफिसात कारकून होते. त्यांच्या दारात उभं राहून मी विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

"सध्या कोन नाय."

"अहो, तुम्ही आहात ना?"

"मी मोजनारा," ते म्हणाले. "ज्याच्या हातात रजिस्टर त्याचं नाव त्यात नसतंय, ताई. मोजनाऱ्याला धरत नायत."

मी हसले आणि माझ्या फॉर्मवर 'एक' लिहिलं. आत एक कॉट, एक स्टूल, भिंतीवर रजिस्टर अडकवायची खुंटी. स्टूलवर चहाची बशी पालथी घातलेली. दार लावायच्या आधी ते म्हणाले, "चहा घेऊन जावा, दोघं व्हऊ." मला अजून चौदा घरं होती.

आता त्या मोकळ्या प्लॉटकडे येते, कारण काकांची गोष्ट तिथेच झाली. कंपनीच्या कॉलनीच्या दोन ओळींच्या मधोमध एक जागा होती. कॉलनीतल्या बायकापोरांसाठी सायरनच्या वेळी जमायची तीच जागा. मधोमध एका खांबावर हिरवी पाटी, तिच्यावर चार बाजूंनी मध्ये येणारे चार बाण. कंपनी गेली, कॉलनीतली अर्धी कुटुंबं गेली, आमच्यासारखी नवीन बिल्डिंगवाली आली आणि जागा पंचायतीकडे आली. मग तिचं जे व्हायचं ते झालं. गाजरगवत, लग्नाच्या मांडवाची पडलेली बांबूकाठी, फुटक्या टाइल्सचे ढीग. टेंपोवाले टेंपो लावू लागले. एका कोपऱ्यात कुणी चार पत्रे उभे केले, म्हणजे उद्या तिथे टपरी आणि परवा दुकान.

या सगळ्यातून वाट काढत काका दर सोमवारी सकाळी अकराला त्या पाटीखाली जाऊन उभे राहत. कंपनीत सायरनची चाचणी सोमवारी अकराला होत असे. कंपनी बंद झाली, सायरन बंद झाला, पण सोमवार थोडाच बंद होतो. दहा मिनिटं ते काखेत रजिस्टर घेऊन उभे राहत. कुणी येत नसे. मग तारीख घालून पुढे शून्य लिहीत आणि परत जात. माझ्या गॅलरीतून सगळं दिसायचं. खरं सांगते, त्या वेळी मला त्याचं हसू यायचं.

त्या जागेवर बाग व्हावी असं आम्हा शेजारपाजाऱ्यांच्या मनात आलं. व्हॉट्सअॅपवर गट निघाला. दोनशेच्या वर लोक. सकाळी कुणी 'बाग झालीच पाहिजे' टाकलं की दुपारपर्यंत अंगठ्यांची रांग. अर्ज लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बावीस वर्षं शाळेचे अर्ज लिहिल्याची ही शिक्षा. सह्यांसाठी फिरताना काकांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, पेन घेतलं आणि थांबले.

"बाग करा. चांगलंच हाय. पन मधी बारा बाय बारा जागा मोकळी सोडा. झाड नको, बाकडं नको. आन् पाटी काढू नका."

"कशासाठी काका? कंपनी तर गेली."

"एक गेली. बाकीच्या हायत की आजूबाजूला. उद्या काय झालं तर मानसं जातील कुठं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् मला कोन शोधायला आलं तर मी कुठं सापडनार?"

मी कागदाच्या मागे लिहिलं: मध्ये मोकळी जागा, पाटी. त्यांनी सही केली.

सरपंचबाई हुशार. त्या म्हणाल्या, "काय गं, अंगठे दाखवतेस मला मोबाइलवर? मला मानसं दाखव. रविवारी अकराला मी प्लॉटवर येते. शंभर डोकी उभी दिसली तर ठराव घेते. नायतर टेंपोवालेपन मतदारच हायत." आम्ही गटावर टाकलं. दोनशे अंगठे आले. रविवारी अकराला माणसं आली तेरा. त्यात दोन सरपंचबाईंबरोबर आलेली. कुणाकडे पाहुणे, कुणाचा मटणाचा बेत, कुणी 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून पंधरा मिनिटं झालेली. टेंपोवाले टेंपोच्या बॉनेटवर बसून मजा बघत होते. सरपंचबाईंनी घड्याळ पाहिलं, पदर सावरला. "चला," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या.

"थांबा जरा," काका म्हणाले. ते पाटीखालीच उभे होते. आम्हाला काही कळायच्या आत घरी गेले आणि परत आले ते लाल रंगाचा एक जड भोंगा छातीशी धरून. हाताने फिरवायचा सायरन. कंपनीचं भंगार निघालं तेव्हा त्यांनी तो उचलला होता. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, एक गुडघा टेकला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली.

तो आवाज आधी घुमला, मग चढत गेला आणि मग मोहोपाड्याच्या अंगात शिरला. मला दुसरा शब्द सुचत नाही. पहिल्यांदा जुन्या कॉलनीतली दारं उघडली. निवृत्त झालेले ऑपरेटर, फिटर, कँटीनवाले, बनियनवर, लुंगीवर बाहेर पडले. एकाच्या अर्ध्या गालाला साबण. बायका ओल्या पदराने नाक धरून, नातवंडांना ओढत. आणि एकही जण सरळ आला नाही! वारा नदीकडून होता. सगळे आडवे आले, देवळाला वळसा घालून, दवाखान्याच्या मागून, तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं तसे. त्यांना बघून आमच्या नवीन बिल्डिंगवाले घाबरून गॅस बंद करून धावले. प्लॉटवर येऊन जुने लोक आपोआप रांगेत उभे राहिले. आणि मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कंपनीला तर सात वर्षांमागे कुलूप लागलं होतं.

"काय रं, येड्या, घाबरवलंस की!" साबणवाला ओरडला. पण रांग सोडून कुणी गेलं नाही.

काका रजिस्टर उघडून रांगेपुढून चालले. इतकं ताठ मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मोजून झाल्यावर खणखणीत आवाजात म्हणाले, "एकशे बारा."

ग्रामसेवकानेही मोजलं होतं. तो म्हणाला, "एकशे तेरा."

"एकशे बारा."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "काका, तुम्ही स्वतःला धरत नाही आहात." सगळे हसले. काकाही हसले, पण आकडा त्यांनी बदलला नाही. सरपंचबाई म्हणाल्या, "बारा असू दे नायतर तेरा. शंभरावर हायत ना? झाली बाग."

त्याच दुपारी पंचायतीत स्वच्छ अक्षरात नवा अर्ज लिहायला मी बसले. मागची टीप वाचून ग्रामसेवक म्हणाला, "मॅडम, अटी घालू नका. अट दिसली की वरच्या ऑफिसात फाईल अडकते. एक पान, एक मागणी." बावीस वर्षं कारकुनी केलेली मी. मला ते लगेच पटलं. बारा बाय बारा लिहायचं राहून गेलं. पाटीही राहून गेली. बाहेर ओट्यावर काका बसले होते. त्यांनी विचारलं, "आपलं लिवलंत ना ताई?"

मी म्हटलं, "हो."

ते म्हणाले, "मग झालं. तुमी लिवलं म्हंजे मोजल्यागत." आणि अर्जाखाली न वाचता सही केली.

मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे की लिहिलं असतं तरी काही फरक पडला नसता. कदाचित खरंही असेल. पण 'नाही लिहिलं' असं त्यांना सांगता आलं असतं. ते जमलं नाही.

बाग झाली आणि चांगली झाली, हेही सांगितलं पाहिजे. टेंपो गेले, पत्रे गेले. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चालायला फरशीची वाट, दात्यांची नावं कोरलेली बाकं. आणि बरोबर मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर माणसाएवढी लाल अक्षरं: आय लव्ह मोहोपाडा. लव्हच्या जागी बदाम. संध्याकाळी त्यात दिवे लागतात. पोरी तिथे फोटो काढतात, मीही काढला आहे. हिरवी पाटी खांबासकट भंगारात गेली. भोवती लोखंडी कुंपण आणि फाटकावर वेळा: सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ.

म्हणजे सोमवारी अकराला कुलूप.

उद्घाटनानंतरच्या पहिल्या सोमवारी मी मुद्दाम गॅलरीत थांबले. काका आले, कुलूप हातात घेऊन पाहिलं, सोडलं आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दहा मिनिटांनी शून्य लिहून परत गेले. संध्याकाळी भाजीवाल्याकडे मला भेटले. आता बोलणार, म्हणून मी मनात उत्तरं जुळवत होते. ते म्हणाले, "बाग झ्याक झाली हो ताई. पोरं खेळतात, बरं वाटतंय." बस, एवढंच. मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री नीट जेवले असते.

पुढचे सोमवार ते रस्त्यावरच उभे राहत. मोटारसायकलवाले हॉर्न देत, एकदा एक टेंपो अगदी अंगावर आला. मग एका सोमवारी आलेच नाहीत. त्यानंतरही नाहीत. मी चौकशीला जायचं ठरवलं होतं. रोज ठरवत होते.

मग तो गुरुवार. नदीपलीकडच्या कुठल्याशा कारखान्याचा सायरन वाजला. मोठा, खराखुरा. सकाळचे दहा झाले असतील. मी गॅलरीत मेथी निवडत होते. गटावर लगेच सुरू झालं. 'कसला आवाज?' 'टेस्टिंग असेल.' 'हो, टेस्टिंग.' त्याला अंगठे. टेस्टिंगच होतं, ते नंतर कळलं. पण त्या घडीला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी एकही दार उघडलं नाही. जुन्या कॉलनीतलंही नाही. एकदा फसवले गेले होते ना. लोक खिडकीत आले, आकाशाकडे पाहिलं आणि आत गेले.

काका आले. फार वाळले होते. नाकावर ओला रुमाल, काखेत रजिस्टर. कोपऱ्यावर थांबून त्यांनी चिमूटभर माती सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि देवळाला वळसा घालून आडवे आले. फाटकाला कुलूप होतं. ते बाहेर उभे राहिले. सायरन थांबला. त्यांनी रस्त्याच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. मग मान वर करून एकेक गॅलरी पाहत आले. माझ्या गॅलरीवर थांबले का? कुंड्या मध्ये होत्या. मला नक्की सांगता यायचं नाही.

मी उठले नाही. अंगात गाऊन होता असं मी पुढे लोकांना सांगितलं. गाऊनवर ओढणी टाकून मी अख्खी गल्ली फिरते.

दहा मिनिटं झाली. त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण दातात धरून काढलं. शून्य लिहायला वेळ लागत नाही, पण त्यांचा हात थांबला होता. मग नियमाप्रमाणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "एक."

लिहिलं, आणि गेले.

मी खाली उतरले असते तर दोन झाले असते.